पंख्यात जाळं अडकलंय? माणूस खाली उतरवण्याआधी पाण्याची ओढ बघा

सर्व नौकामालक, तांडेल, खलाशी बांधव आणि घरी बोटीची वाट बघणाऱ्या आया-बहिणींनो,

बंदी उठली, नारळ सोडून झाला, बोटी पाण्यात गेल्या. डिझेल, बर्फ आणि म्हावऱ्याचा भाव यावर आपण रोजच बोलतो. आज अशा एका कामावर लिहितो जे हंगामात बोटीबोटीवर होतं, पण त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. पंख्यात जाळं किंवा दोर गुंडाळतो. इंजिन दाबतं, बंद पडतं. तांडेल विचारतो, "कोण उतरतंय?" आणि एक पोरगा सुरी घेऊन बोटीखाली जातो. डोळ्याला चष्मा नाही, पायात फिन नाही, बऱ्याचदा अंगाला दोरही नाही.

पाणबुड्या म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नौदलाचा जवान येतो, नाहीतर मालवणला पर्यटकांना पाण्याखाली नेणारा मुलगा. हा सुरीवाला पोरगा कुणाच्या मोजणीत नसतो. पण काम तो पाणबुड्याचंच करतो, आणि साधनाशिवाय करतो. वर आला तर चहा, नाही आला तर काय, हा प्रश्न विचारायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून हा लेख. घरातल्या सगळ्यांनी वाचा, बोटीवरच्या ग्रुपवर टाका.

ओढ किती, माणूस किती

पाण्याचा वेग आपण "ओढ आहे", "पाणी जोरात आहे" असं म्हणून सोडून देतो. तो जरा आकड्यात बघू.

एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. मिनिटाला साधारण ३० मीटर. चांगला पोहणारा माणूस एवढ्या ओढीत कसाबसा जागेवर टिकतो, तोही थोडाच वेळ. दोन नॉटला पाणी मिनिटाला ६० मीटर पळतं. या ओढीत माणसाचा हात सुटला की दहा मिनिटांत तो ६०० मीटर लांब जातो. ६०० मीटरवर लाटांमधलं डोकं बोटीवरून दिसत नाही. आपली बोट तर बंद आहे, कारण पंखाच अडकलेला आहे. म्हणजे आपण त्याच्यामागे जाऊही शकत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ओढ दुप्पट झाली की पाण्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट झाली तर नऊपट. नांगर का घसरतो, खुंट का हलतो, डोलीचं जाळं का फाटतं, याचं कारण हेच. एक नॉटमध्ये ज्याने काम केलं त्याला वाटतं दोन नॉटमध्ये थोडं जास्त जड जाईल. तसं होत नाही. त्याचा चष्मा असेल तर निघतो, सुरीचा हात मागे जातो, आणि हवा दुप्पट वेगाने संपते.

अजून एक. बोट मोकळी वाहत असेल तर बोट आणि माणूस दोघंही पाण्याबरोबर जातात, म्हणून पाणी शांत असल्यासारखं वाटतं. पण वारा बोटीला ढकलतो, माणसाला ढकलत नाही. त्यामुळे बोट त्याच्या अंगावर येते किंवा त्याला सोडून जाते. बोट नांगरावर असेल तर उलट होतं: बोट जागेवर आणि सगळं पाणी माणसाला घेऊन जायला बघतं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. अडकलेल्या जाळ्याचं दुसरं टोक तळाला रुतलेलं असतं. तेव्हा बोट मागच्या बाजूने बांधल्यासारखी होते, ओढ थेट पंख्यावर येते आणि दोर ताणलेला असतो. तो कापला की झटका बसतो. उतरण्याआधी यातलं कुठलं आहे हे तांडेलाने वरूनच ओळखायला हवं.

तिथीचं गणित आपल्याकडे आहेच

आपल्या जुन्या मंडळींनी घड्याळ नसताना पाणी ओळखलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. गावागणिक थोडा फरक पडतो, पण हिशोब अजून खरा उतरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो तो दिवसही उधाणाचाच.

भरती-सुकतीचे जवळपास सहा-सहा तास असतात, पण पाणी प्रत्येक तासाला सारखं हलत नाही. पहिल्या तासात बारातला एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी फक्त मधल्या दोन तासांत हलतं. ओढ सगळ्यात जास्त तेव्हाच. भरती पूर्ण झाली किंवा सुकती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थांबतं. बोटीखाली उतरायची वेळ ती. उधाणात हा थांबा छोटा, भांगात मोठा. खाडीच्या तोंडावर पाणी वळायला भरतीच्या वेळेपेक्षा उशीर होतो, हे त्या त्या गावच्या माणसाला ठाऊक असतं. त्याला विचारावं.

आपली डोल याच ओढीवर चालते. जाळं एका जागी बांधलेलं, तोंड पाण्याकडे, आणि बोंबील, जवळा, कोळंबी पाण्याबरोबर आत. उधाणात डोल भरते, भांगात हात हलवत यावं लागतं. म्हणूनच डोल मुंबई, पालघर आणि गुजरातकडे जास्त. तिकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, पुढे खंबातच्या आखातात फरक दहा मीटरच्याही वर. मालवणकडे येईपर्यंत तो दोन-अडीच मीटरवर येतो. त्यामुळे सातपाटी-वसईच्या पोराला जी ओढ रोजची वाटते ती सिंधुदुर्गातल्या पोराला नवीन असते. खलाशी आता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यातल्या बोटीवर जातात, परराज्यांतूनही येतात. नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात बोटीखाली उतरवू नका, त्याचं कारण हे.

जे तिथी सांगत नाही

आता मुद्द्यावर येतो. तिथी फक्त चंद्राची ओढ सांगते. समुद्रात पाणी हलवणारे अजून तिघं आहेत.

एक, वारा. दोन दिवस एका दिशेने वारा लागला की वरचं पाणी त्याच्याबरोबर चालायला लागतं. तिथी भांगाची असली तरी चालतं.

दोन, किनाऱ्याने वाहणारा मोठा प्रवाह. आपल्या पश्चिम किनाऱ्याला पावसाळ्यात तो दक्षिणेकडे, केरळच्या दिशेने वाहतो. हिवाळ्यात तो उलटा फिरतो आणि उत्तरेकडे, गुजरातच्या दिशेने जातो. वर्षातून दोनदा दिशा बदलणारा असा प्रवाह जगात फार थोड्या ठिकाणी आहे. बाहेर खोल पाण्यात जाळं टाकणाऱ्यांना याचा अनुभव आहे: ऑगस्टमध्ये जाळं ज्या बाजूला जातं, डिसेंबरमध्ये त्याच्या उलट जातं.

तीन, लांबून आलेली लाट. इथे वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि तरी पाणी उसळतं. या लाटा हजारो किलोमीटर लांब दक्षिणेच्या महासागरात वादळाने तयार होतात आणि काही दिवसांनी आपल्याकडे पोहोचतात. केरळात याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात किनाऱ्यावर पाच शिकाऊ डॉक्टर अशाच लाटांच्या दिवसांत वाहून गेले. त्या दिवसांसाठी उसळत्या समुद्राचा इशारा आधीच निघालेला होता. तो इशारा निघाला होता हैदराबादहून.

हैदराबादला समुद्र आहे का?

हा प्रश्न आपल्या बंदरावर हमखास ऐकायला मिळतो. "आम्हाला हैदराबादवाले काय शिकवणार? तिथे साधी खाडी नाही." बरोबर आहे, नाही. समुद्र तिथून जवळजवळ तीनशे किलोमीटरवर. पण देशभरच्या समुद्राची माहिती तिथेच गोळा होते. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, १९९९ साली हैदराबादला सुरू झालं. आज ते केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर देशाचं त्सुनामी इशारा केंद्रही तिथेच उभं राहिलं, ते ऑक्टोबर २००७ पासून चालू आहे.

आपल्यातले बरेच जण इन्कॉइसला ओळखतात ते 'मासे कुठे मिळतील' या सूचनेमुळे. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि पाण्यातला हिरवेपणा बघून ते सांगतात की अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीवर मासळीची शक्यता जास्त. मराठीतही येतं. पण तिथून रोज अजून एक गोष्ट येते जी आपण बघतच नाही: लाटांचा, वाऱ्याचा आणि पाण्याच्या प्रवाहाचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज. नकाशावर बाण असतात. बाण ज्या दिशेला, पाणी त्या दिशेला. रंग किंवा आकडा म्हणजे वेग.

इथे एक अडचण येते. प्रवाहाचा वेग ते 'सेंटिमीटर प्रति सेकंद' असा देतात, आणि आपण नॉटमध्ये विचार करतो. सोपा हिशोब लक्षात ठेवा: आकड्याला पन्नासने भागा, आले नॉट. ५० असेल तर एक नॉट. ७५ असेल तर दीड. १०० असेल तर दोन. इशाऱ्यात "प्रवाहाचा वेग ५० ते ७५" असं वाचलं तर समजायचं की बाहेर मोकळ्या पाण्यात एक ते दीड नॉटची ओढ आहे, आणि त्यावर भरती-सुकतीची ओढ वेगळी चढते. दोन्ही एकाच दिशेला आल्या तर बेरीज होते. उधाणाची सुकती आणि बाहेरचा प्रवाह एकत्र मिळाले तर काय होईल याचा अंदाज आता ज्याचा त्याने करावा.

लहान बोटींसाठी तिथे वेगळा अंदाजही निघतो. सात मीटरपर्यंत रुंदीच्या बोटींना कुठल्या भागात, कुठल्या दिवशी उलटण्याचा धोका आहे हे त्यात कळतं. आपल्या बहुतेक सगळ्या बोटी त्यात बसतात. ही माहिती इन्कॉइसच्या संकेतस्थळावर आणि 'समुद्र' नावाच्या ॲपवर मिळते. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाईलची रेंज जाते, त्यामुळे निघण्याआधी बंदरातच बघून घ्यावं. पुढे गेलेल्या बोटींसाठी उपग्रहावरून संदेश देणारं 'जेमिनी' हे यंत्र २०१९ साली आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशभरच्या योजनेची सुरुवात झाली, एक लाख बोटींसाठी. ज्यांच्या बोटीवर तो बसलाय त्यांनी तो चालू ठेवावा. कुठे मासे पकडतो ते कळेल या भीतीने बंद करून ठेवू नये.

हैदराबादचा अंदाज सगळं सांगतो असं मात्र समजू नका. नकाशाचा एक चौकोन काही किलोमीटरचा असतो. आपल्या खाडीच्या तोंडावरचा भोवरा, खडकामागची ओढ, नव्याने पडलेली वाळूची दांडी त्यात दिसणार नाही. ते आपल्यालाच बघायचं. म्हणून माझं म्हणणं एवढंच: तिथी आपल्याकडची, बाकीचं हैदराबादकडचं. एकावर भरवसा ठेवून माणूस पाण्यात सोडू नये.

म्हावऱ्यालाही ओढ चुकत नाही

हाच प्रवाह आपल्याला पोसतो हेही विसरून चालणार नाही. दोन पाणी जिथे भेटतात तिथे फेसाची, कचऱ्याची लांब रेघ दिसते. तिथे बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे तारली आणि बांगडा, त्यांच्यामागे सुरमई. इन्कॉइसचा मासळीचा अंदाज बघतो ते हेच: गार आणि गरम पाण्याची शीव.

पावसाळ्यात हाच प्रवाह खालचं गार पाणी वर आणतो. त्यात खत असतं, म्हणून मासळी वाढते. पण त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, तळाजवळच्या पाण्यातला प्राणवायू फार उतरतो हे मोजून दाखवलेलं आहे. तेव्हा तळाची मासळी जागा सोडते, वर येते नाहीतर किनाऱ्याकडे सरकते. "काल होतं, आज तळाला काहीच नाही" असं होतं त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

कासवाचं बघा. २०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली. बंगालच्या उपसागरातून निघून भारताला वळसा घालून आली. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरलाच उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' उलट बाजूने श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. एवढा प्रवास नुसत्या पोहण्यावर होत नाही, प्रवाहाची साथ लागते. वेळास, आंजर्ले, गुहागरची पिल्लं पाण्यात शिरतात तेव्हा सुरुवातीला ती जोरात पोहत किनाऱ्यापासून लांब जातात. त्यानंतर बरंचसं पाणी नेईल तिकडे ती जातात.

आणि आपलं फाटलेलं जाळंही तिकडेच जातं. कापून सोडलेला तुकडा बुडून संपत नाही. प्रवाहात फिरतो, मासळी पकडत राहतो, कासवाच्या पायात अडकतो आणि पावसाळ्यात वाऱ्यासोबत किनाऱ्याला लागतो. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात जाळ्याने पाय कापलेली कासवं येतात ती अशीच. त्याहून जवळचं सांगतो: आपल्या पंख्यात जे जाळं अडकतं ते पुष्कळदा आपलं नसतंच. कुणीतरी सोडलेला तुकडा प्रवाहाबरोबर आलेला असतो. म्हणजे आपण टाकलेलं जाळं दुसऱ्या कुठल्या तरी पोराला बोटीखाली उतरवतं. पंख्यातून कापलेलं जाळं परत पाण्यात टाकू नका, बोटीवर घ्या, बंदरात आणा.

जाळ्यात कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा संरक्षित जीव सापडला आणि त्याला सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकार नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. फोटो, व्हिडिओ आणि अर्ज लागतो. कागदपत्रांसाठी संस्थेच्या कार्यालयात या, अर्ज भरून देऊ.

प्रवाळांबद्दलही थोडं. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे समुद्राच्या पोटात एक पठार आहे, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. चहूबाजूला खोल पाणी आणि मध्ये हे पठार साधारण वीस मीटरपर्यंत वर आलेलं. तिथली प्रवाळं वाहत्या पाण्यावर जगतात: ओढ त्यांना खाणं आणून देते आणि गाळ बसू देत नाही. त्याच ओढीमुळे पाणबुड्याला तिथे उतरणं कठीण. ज्यावर एक जगतो त्यावर दुसऱ्याचा जीव जातो, असं आहे.

मालवणची मुलं काय करतात

मालवण-तारकर्लीला आपल्याच समाजातली कितीतरी मुलं आता स्कूबाच्या कामात आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी, १९८७ पासून जाहीर झालेलं सागरी अभयारण्य, यामुळे हा धंदा वाढला. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. तिथे शिकवलेल्या काही गोष्टी आपल्या बोटीवरही लागू पडतात.

पाण्यात जाताना सुरुवात ओढीच्या विरुद्ध करायची, म्हणजे दमल्यावर ओढच बोटीकडे आणते. बोटीच्या मागे, ज्या बाजूला पाणी जातंय तिकडे, बोया बांधलेला तरंगता दोर ३०-४० मीटर सोडायचा. हात सुटला तर तो दोर शेवटचा आधार. ओढीत सापडलात तर तिच्याशी भांडायचं नाही, आडवं पोहायचं, तरंगायचं, हात वर करायचा.

त्या मुलांकडे साधनं असतात, तरी समुद्र कुणाला सोडत नाही. २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट तारकर्लीला किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. मे महिन्याचा शेवट, पावसाळ्याआधीचा खवळलेला समुद्र. पाण्याखाली सगळं ठीक झालं होतं, अपघात वर झाला. मे अखेरीला "अजून एक फेरी" मारायचा मोह आपल्यालाही होतो.

माणूस वाहून गेलाच तर

१७ मे २०२१ चं 'तौक्ते' वादळ कुणी विसरलेलं नाही. मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्राजवळ 'पी-३०५' बार्ज बुडाला. नौदलाने पावणेदोनशेहून जास्त लोक त्या समुद्रातून जिवंत काढले. पण कित्येक जण गेले. त्यांतले काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्याला लागले, तर काही थेट गुजरातेत वलसाडला. एकाच जागी पाण्यात पडलेली माणसं, आणि वारा-प्रवाहाने त्यांना दोन राज्यांत नेऊन टाकलं. बुडालेला बार्ज शोधायला नौदलाने ध्वनिलहरींनी तळ बघणारं जहाज पाठवलं आणि सोबत पाणबुड्यांची पथकं. त्या घरांनी आपल्या माणसाची ओळख पटण्यासाठी किती दिवस काढले असतील, ते आपल्यासारख्यांना सांगायला नको.

पाण्यात पडलेला माणूस कुठे जाईल याचा हिशोब आता हैदराबादला होतो. इन्कॉइसने २०१६ साली 'सारॅट' नावाची व्यवस्था सुरू केली. माणूस किंवा बोट शेवटची कुठे आणि किती वाजता दिसली हे सांगितलं की वारा आणि प्रवाह धरून कुठल्या पट्ट्यात शोधायचं ते ती दाखवते. नुसता माणूस, जॅकेट घातलेला माणूस, बंद पडलेली बोट असे साठ प्रकार त्यात आहेत, कारण प्रत्येक वस्तू पाण्यात वेगळी वाहते. तटरक्षक दलाला शोधासाठी याचा उपयोग होतो.

पण या हिशोबाला दोन गोष्टी लागतात ज्या फक्त बोटीवरचा माणूस देऊ शकतो: जागा आणि वेळ. गडबडीत आपण आधी एकमेकांना ओरडतो, मग दुसऱ्या बोटींना फोन लावतो, मग मालकाला. अर्धा तास जातो. दोन नॉटच्या ओढीत अर्ध्या तासात माणूस जवळजवळ दोन किलोमीटर गेलेला असतो. म्हणून माणूस सुटला की त्याच क्षणी जीपीएसचं बटण दाबून जागा पक्की करायची, घड्याळ बघायचं, आणि पहिला संदेश तटरक्षक दलाला. नंबर १५५४. सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा.

बोटीखाली उतरवण्याआधी

तांडेलांनी हे पाठच करावं.

१. तिथी आणि घड्याळ बघा. मधल्या दोन तासांची ओढ असेल तर थांबा. पाणी थांबायला दोन तास लागले तर दोन तास जातील, फार तर एक खेप जाईल.

२. निघण्याआधी बंदरात हैदराबादचा अंदाज बघितलेला असावा. आकडा पन्नासने भागा. एक नॉटच्या वर असेल तर माणूस उतरवू नका, दुसरी बोट बोलवा, ओढून आणा.

३. इंजिन बंद, गिअर मोकळा, चावी तांडेलाच्या खिशात. खाली माणूस असताना इंजिनाला कुणीही हात लावायचा नाही.

४. उतरणाऱ्याच्या छातीला दोर, झटकन सुटेल अशी गाठ. दोराचं दुसरं टोक बोटीला बांधायचं नाही, एका माणसाने हातात धरायचं. त्याचं काम तेवढंच. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा, हे आधी ठरवा.

५. मागे बोया लावलेला तरंगता दोर सोडलेला असावा.

६. उतरण्याआधी जोरजोरात श्वास घेऊन हवा भरायची काहींना सवय असते. ती घातक आहे. त्याने दम लागल्याची जाणीवच उशिरा होते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. दोन साधे श्वास, मग बुडी, आणि प्रत्येक बुडीनंतर वर विश्रांती.

७. दारू घेतलेला, तापातून उठलेला, नवीन आलेला किंवा अठरा वर्षांखालचा मुलगा उतरवायचा नाही.

८. चष्मा, फिन, चांगली दातेरी सुरी आणि जॅकेट बोटीवर असलंच पाहिजे. सगळं मिळून एका खेपेच्या डिझेलपेक्षा कमी खर्च.

मालकांना दोन शब्द

नाखवा मंडळी, रागावू नका. खलाशी स्वतःहून उतरतो असं आपण म्हणतो. पण जाळं लाखाचं आहे, मासळी बर्फात आहे आणि मालकाचा फोन येणार आहे, हे त्याला माहीत असतं. म्हणून तो "नाही" म्हणत नाही. "पाणी थांबल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही, खेप गेली तरी चालेल", हे मालकाने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर, हंगामाच्या पहिल्या दिवशी सांगितलं तरच तांडेलाला थांबता येतं.

अजून एक विनंती. समुद्रात लाटा आणि पाणी मोजणारे बोये ठिकठिकाणी आहेत, आपल्या रत्नागिरीजवळही आहे. हैदराबादचा अंदाज खरा निघतो की नाही हे त्यांच्यावरून तपासतात. त्याभोवती मासळी जमते म्हणून काही जण त्याला बोट बांधतात, जाळं घालतात, कुणी त्यावरचं सामान काढून नेतं. बोया बंद पडला की आपल्याच पट्ट्यातला समुद्र हैदराबादला दिसेनासा होतो. त्याच्यापासून लांब राहा.

पुढच्या अमावास्येच्या आधी कार्यालयात महिन्याच्या तिथी, भरतीच्या वेळा आणि उधाणाचे दिवस यांचा कागद लावतो. ज्यांना इन्कॉइसचा अंदाज मोबाईलवर कसा बघायचा ते शिकायचं आहे त्यांनी संध्याकाळी यावं, सोबत घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला आणावं. दोन दिवसांत जमतं. तांडेल समुद्रात असताना घरातून अंदाज बघून सांगणारी मुलगी ही बोटीवरचा एक जास्तीचा माणूसच आहे.

पंखा दुरुस्त होतो, जाळं परत विणता येतं. दर्या सगळ्यांना सुखरूप ठेवो.

आपला,
सचिव